अशील नसलेला वकील

वकील म्हणजे कुणाचा तरी वकील. वकीलपत्रावर सही करणारा, फी देणारा, तारखेला बाकावर येऊन बसणारा आणि निकाल फिरला की दुसऱ्या वकिलाचं दार गाठणारा एक माणूस त्याच्या मागे असतो. फौजदारी कोर्टात मात्र रोज एक असा वकील उभा राहतो, ज्याला वकीलपत्रच लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३८ नुसार सरकारी वकील कुठल्याही लेखी अधिकारपत्राशिवाय कोर्टापुढे हजर राहू शकतो, युक्तिवाद करू शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३०१ होतं. वाचताना ही कारकुनी सोय वाटते. पण या पदाचा सगळा पेच त्या एका ओळीत आहे. अधिकारपत्र नाही, कारण ते लिहून देणारा अशीलच नाही.

त्याच्यावर हक्क सांगणारे मात्र कमी नसतात. फिर्यादी म्हणतो, 'आमचे वकील'. तपासी अंमलदार म्हणतो, 'आमचे साहेब'. खटल्याचं नाव 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक' असतं, म्हणून मंत्रालयालाही तो आपलाच वाटतो. तिघांचंही ऐकून घ्यायचं आणि तिघांच्याही म्हणण्याप्रमाणे वागायचं नाही, अशी ही नोकरी. राहिला आरोपी, त्याच्याशी सरकारी वकिलाचं वैरच असतं असं सगळे धरून चालतात. १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकूमचंद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा समज खोडून काढला. काहीही करून शिक्षा मिळवायची, अशी हाव सरकारी वकिलाला असता कामा नये. आरोपीला कायद्याने मिळणारा एखादा रास्त फायदा त्याच्याच वकिलाच्या नजरेतून सुटला, तर तो कोर्टाच्या लक्षात आणून देणं हेही सरकारी वकिलाचंच काम. दुसऱ्या कुठल्या वकिलाने असं केलं तर अशील त्याला त्याच दिवशी बदलेल.

महाराष्ट्रात या पदाकडे जाणाऱ्या वाटा दोन. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उभा राहतो तो सहायक सरकारी अभियोक्ता, कोर्टाच्या बोलीत एपीपी. तो लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेला पगारी अधिकारी. सत्र न्यायालयातला जिल्हा सरकारी वकील मात्र चालत्या वकिलीतून उचललेला: किमान सात वर्षांची वकिली, जिल्हाधिकाऱ्यांनी सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून केलेली यादी, मग सरकारची नेमणूक. विशेष सरकारी वकिलाला दहा वर्षांची वकिली लागते. पगारी माणसाची बदली होते, नेमलेल्याची नेमणूक जाते. उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये एका परिपत्रकाच्या फटक्यात राज्यभरातल्या जिल्हा सरकारी वकिलांना घरी बसवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पण सरकार बदललं की जिल्ह्याजिल्ह्यात कुणाचं पत्र येतंय आणि कुणाचं जातंय याची कुजबुज बार रूममध्ये आजही होते.

एपीपीची पोलिसांपासूनची फारकत तर त्याहून जुनी. पूर्वी खालच्या कोर्टांत पोलीस खात्यातलेच प्रॉसिक्युटर खटले चालवत. १९७३ च्या संहितेने ते बंद केलं, पण महाराष्ट्रात तीच माणसं नव्या नावाने पोलीस खात्याच्याच हाताखाली राहिली. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याला बजावलं, की यांना पोलिसांपासून वेगळं काढा, स्वतंत्र विभाग करा. आज अभियोग संचालनालय, म्हणजे सरकारतर्फे खटले चालवणाऱ्यांचं खातं, वेगळं आहे. ते गृह विभागाखाली येतं आणि पोलीसही गृह विभागाखालीच. घर एकच, चुली वेगळ्या.

चुली खरंच वेगळ्या आहेत की नाही, हे नेमणुकीच्या कागदावरून कळत नाही. ते कळतं चार्जशीट वाचण्याच्या पद्धतीवरून. तालुक्याच्या कोर्टात बोर्डावर पाच-पन्नास प्रकरणं असतात, पैरवी हवालदार, म्हणजे कोर्टाच्या कामाला नेमलेला पोलीस, आलेल्या साक्षीदारांची नावं घेत असतो आणि पुष्कळदा फाइल हातात पडते ती त्याच सकाळी. अशा वेळी सगळे जण प्रथम खबर (एफआयआर) आधी वाचतात, कारण ती वर लावलेली असते. प्रथम खबर ही गोष्ट सांगते आणि गोष्ट एकदा डोक्यात बसली, की पुढचे कागद तिला पुष्टी देतायत असंच वाटत राहतं. मुरलेला सरकारी वकील चार्जशीट उलटी वाचतो. आधी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, मग जप्तीचे पंचनामे, मग वैद्यकीय कागद, मग साक्षीदारांचे जबाब आणि सगळ्यात शेवटी प्रथम खबर.

उदाहरणादाखल एक चाकू घ्या. तो कोर्टात पुरावा म्हणून उभा राहायला सहा कागद लागतात: जप्तीचा पंचनामा, मुद्देमाल रजिस्टरमधली नोंद, मुद्देमाल कारकुनाचा जबाब, पाकीट लॅबला नेणाऱ्या शिपायाचा जबाब, सोबतचं पत्र, आणि लॅबची पोच, ज्यात सील शाबूत व नमुन्याशी जुळणारं असल्याचा शेरा हवा. आता चाकू १२ तारखेला जप्त झाला आणि लॅबला पोचला २९ ला. मधले सतरा दिवस तो कुठे होता? ठाण्यातच होता, लॅबला न्यायला माणूस मोकळा नव्हता, हे बहुधा खरं असतं. पण ते सांगणारा कारकून आणि शिपाई साक्षीदारांच्या यादीत नसतील, तर चाकूवर मयताच्या गटाचं रक्त सापडूनही उपयोग नाही. सील पुन्हा लावलं नसेल कशावरून, एवढा एक प्रश्न बचावाला पुरतो. हे भोक दोषारोप निश्चित होण्याआधी दिसलं, तर तपासी अंमलदाराला पत्र देऊन नव्या संहितेच्या कलम १९३ खाली पुढील तपासात ते जबाब घेता येतात. अर्धा खटला झाल्यावर दिसलं, तर कलम ३४८ खाली ज्यादा साक्षीदार बोलावण्याचा अर्ज करावा लागतो आणि तोवर ते ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

सीसीटीव्हीचं दुखणं अगदी तसंच. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहायचं. पोलीस पेन ड्राइव्ह आणतात, दुकानदाराची सही आणतात, दुसरा भाग कोराच. दुकानातल्या मूळ डीव्हीआरवर, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, तोवर नवं चित्रण चढलेलं असतं.

गंमत अशी, की हे सगळं दिसूनही सरकारी वकील पोलिसांना हुकूम करू शकत नाही. आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू (२०००) या निकालाने तपास आणि अभियोग यांच्यात भिंत घातली: चार्जशीट कुणावर आणि कशाची, हे पोलीस ठरवतात, सरकारी वकिलाचं मत त्यांच्यावर लादता येत नाही. भिंत योग्यच आहे. ज्याने तपास घडवला, त्याला त्या तपासातला खोटेपणा दिसेलच असं नाही. पण त्या भिंतीला एक खिडकी असावी लागते आणि नव्या संहितेच्या कलम २० ने ती थोडी रुंद केली आहे. सात ते दहा वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस अहवाल तपासण्याचं काम तिथे अभियोग उपसंचालकांना नेमून दिलं आहे. त्यासाठी माणसं आणि वेळ किती मिळतो, यावर खिडकीतून किती उजेड येणार ते ठरेल.

बाहेरच्यांना सरकारी वकील दिसतो तो युक्तिवाद करताना. प्रत्यक्षात त्याची पत ठरते ती 'से' वर, म्हणजे अर्जावरच्या लेखी म्हणण्यावर. जामिनाचा अर्ज आला, की कोर्ट अर्जावर लिहितं, 'सरकार पक्षाचा से'. पोलीस ठाण्याकडून अहवाल येतो आणि त्यात तीन वाक्यं ठरलेली: आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल, फरार होईल, पुन्हा गुन्हा करेल. मोबाईल चोरीलाही तीच आणि खुनालाही तीच. ही वाक्यं खालीवर करून से म्हणून दाखल करायला पाच मिनिटं लागतात. चांगल्या सेमध्ये वेगळ्याच गोष्टी असतात: या आरोपीची नेमकी भूमिका, कुठली जप्ती बाकी आहे, पूर्वीचे गुन्हे क्रमांकासह आणि त्यांचं पुढे काय झालं, साक्षीदार त्याच गल्लीत राहतात का, आणि जामीन द्यायचाच झाला तर कोणत्या अटी हव्यात. जप्ती पुरी होऊन चार्जशीटही गेलेली असताना 'तपास अपूर्ण' असं लिहिणारा उद्या खऱ्याच गंभीर प्रकरणात घसा कोरडा करून विरोध करेल, तेव्हा न्यायाधीश मान वर करून पाहणारसुद्धा नाहीत. काही अर्जांवर 'योग्य तो आदेश व्हावा' एवढंच लिहिणं प्रामाणिकपणाचं असतं. कधीकधी तोच शेरा नुसता आळस असतो. दोन्हींतला फरक न्यायाधीशांना बरोबर कळतो.

कायद्याने त्याच्या सहीला खरं वजन दिलं आहे ते कोठडी वाढवण्याच्या अहवालात. मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा) आणि यूएपीए (बेकायदा कारवायांविरुद्धचा) या दोन्ही कायद्यांत तपासाची ९० दिवसांची मुदत १८० पर्यंत वाढू शकते, अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यांत १८० दिवसांची एक वर्षापर्यंत. पण ती तपासी अंमलदाराच्या अर्जावर वाढत नाही. सरकारी वकिलाचा स्वतंत्र अहवाल लागतो, त्यात तपास कुठवर आला ते आणि आरोपीला आणखी आत ठेवण्याची नेमकी कारणं लागतात. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळात, १९९४ च्या हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे बारकाईने मांडलं: सरकारी वकील तपास यंत्रणेचा भाग नाही, पोलिसांचा अर्ज पुढे सरकवणारं टपालखातं तर नाहीच. त्याने कागद पाहून स्वतःचं मत बनवावं. पटलं नाही तर अहवाल देऊच नये. चुकतं ते घाईत. ८९ व्या दिवशी संध्याकाळी अंमलदार अर्ज घेऊन येतो, त्याच अर्जाच्या खाली 'शिफारस' असा शेरा आणि सही होते. मग तो अहवाल आहे की पोच, यावरच उच्च न्यायालयात वाद रंगतो आणि अहवाल ठरला नाही, तर मूळ गुन्हा कितीही भयंकर असो, मुदत वाढलीच नाही म्हणून आरोपीला जामीन हक्काने मिळतो.

पुराव्याचा दिवस उजाडला, की कोर्टाच्या व्हरांड्यात एक नाजूक काम असतं. साक्षीदार घाबरलेला. त्याला कोर्टात कुठे उभं राहायचं, प्रश्न नीट ऐकून मगच उत्तर द्यायचं, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचं, एवढं समजावणं योग्य. त्याला त्याचा जबाब पाठ करून घेणं म्हणजे पढवणं आणि पढवलेला साक्षीदार उलटतपासात पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येतो. तो पोलिसांच्या मराठीत बोलतो. 'सदर इसम माझेकडे आला' असं वाक्य शेतमजूर बाईच्या तोंडून आलं, की खेळ खलास.

सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना, सूचक प्रश्न चालत नाहीत. 'आरोपीच्या हातात चाकू होता ना?' असं विचारलं, की बचावाचे वकील उठतात. 'त्याच्या हातात काय होतं?' एवढंच विचारायचं आणि थांबायचं. हे थांबणं शिकायला वर्षं जातात. मग सीलबंद पाकीट कोर्टासमोर फोडून, पंचांच्या सह्यांचं लेबल दाखवून, चाकू साक्षीदाराला ओळखायला लावायचा. पुष्कळदा मुद्देमाल त्या दिवशी ठाण्यातच राहिलेला असतो, साक्षीदार ओळख न पटवताच जातो आणि निकालपत्रात त्याचा एक स्वतंत्र परिच्छेद होतो. मूल साक्षीदार असेल तर रीतच वेगळी. पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे सरकारी वकिलाने आपला प्रश्न न्यायाधीशांना सांगायचा आणि न्यायाधीशांनी तो मुलाला विचारायचा. बचावाच्या वकिलालाही हाच नियम.

आणि साक्षीदार फितूर झाला तर? कोर्टाची परवानगी घेऊन त्याला उलटतपासासारखे प्रश्न विचारता येतात. इथली चूक सगळीकडे तीच. घाईतला वकील पोलिसांपुढचा अख्खा जबाब एका दमात वाचून दाखवतो, साक्षीदार 'नाही, असं सांगितलं नाही' म्हणतो आणि मामला मिटतो. खरं म्हणजे जबाबातलं एकेक महत्त्वाचं वाक्य वेगळं काढून विचारायचं, नकार आला की त्या मजकुराला 'अ' अशी खूण करून घ्यायची आणि पुढे तपासी अंमलदार साक्षीला आला, की त्याच्याकडून 'खूण अ मधला मजकूर साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला' हे वदवून त्यावर निशाणी क्रमांक चढवायचा. हा दुसरा टप्पा महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी येतो, दरम्यान सरकारी वकीलही बदललेला असतो आणि प्रश्न राहून जातो. मग कायद्याच्या नजरेत विसंगती सिद्धच झालेली नसते. फितूर झाला म्हणून त्याची साक्ष पुसली जात नाही, जेवढी इतर पुराव्याशी जुळते तेवढी वापरता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सत्तरच्या दशकातल्या सतपाल प्रकरणापासून ठरलेलं आहे. युक्तिवादात ते सांगायचं लक्षात राहायला हवं.

साक्षीदार एकामागून एक फिरत असताना सरकारी वकील स्वस्थ बसला तर काय होतं, याचं उदाहरण गुजरात दंगलीतल्या वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात आहे. जून २००३ मध्ये तिथे २१ आरोपी निर्दोष सुटले. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलाच्या वर्तनावर कडक ताशेरे ओढले, तो बचाव पक्षाचाच वकील असल्यासारखा वागला असं म्हटलं आणि फेरखटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवायला सांगितला. मुंबईतल्या कोर्टाने २००६ मध्ये नऊ जणांना दोषी धरलं. त्यातले काही पुढे उच्च न्यायालयातून सुटले.

याच्या उलट टोकाचा दोष दाखवायला लोक कचरतात, कारण त्याला टाळ्या पडतात. २६/११ च्या खटल्यातले विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ साली जाहीरपणे सांगितलं, की कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपणच रचली होती. त्याच्याबद्दल तयार होणारी सहानुभूती मोडण्यासाठी. खटल्यातला पुरावा भक्कम होता, बिर्याणीची त्याला गरज नव्हती. कोर्टाबाहेर, कॅमेऱ्यांसमोर केलेलं ते विधान होतं, म्हणून शिक्षेच्या कायदेशीरपणाला बाध येत नाही. तरीही ज्या पदाला अशील नाही, त्या पदावरच्या माणसाने जनमताला अशील मानलं की काय होतं, त्याचा हा नमुना. वर्षानुवर्षं ती बिर्याणी लोकांच्या तोंडी राहिली.

सरकारी वकिलाने आरोपीच्या सोयीचे कागदही दडवायचे नाहीत, हा नियम आता बराच पक्का झाला आहे. फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये जे निर्देश दिले, त्यांत सरकार पक्ष ज्यांवर विसंबत नाही असे जबाब, कागद आणि वस्तू यांचीही यादी आरोपीला द्यायला सांगितली आहे. ओळखपरेडमध्ये एका साक्षीदाराने आरोपीला ओळखलंच नसेल, तर तो जबाब पोलिसांच्या फाइलीत गाडून ठेवता येणार नाही. व्यवहारात ही यादी मागितल्याशिवाय क्वचितच मिळते. आणि बचावाचे वकीलही ती क्वचितच मागतात.

सरकारचा दबाव सगळ्यात उघडा दिसतो तो खटला मागे घेण्याच्या अर्जात. जुनं कलम ३२१, आता ३६०. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकारं वेळोवेळी घेतात, समित्या बसतात, पत्र निघतं. पण अर्ज मंत्रिमंडळाला करता येत नाही. तो सरकारी वकिलानेच करायचा, स्वतःच्या मताने, आणि कोर्टाने संमती दिली तरच. अर्जात 'शासन निर्णयानुसार' एवढं एकच कारण असेल, तर तो फेटाळला जायला हवा. दोषारोप निश्चित होण्याआधी मागे घेतला तर आरोपी मुक्त, नंतर घेतला तर निर्दोष. नव्या संहितेत पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय संमती नाही आणि २०२१ पासून आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीविना मागे घेता येत नाहीत. मतभेद असेल, तर जिल्हा सरकारी वकिलाने लेखी कळवायचं, की अर्ज करणं मला योग्य वाटत नाही. असं पत्र लिहायला काय लागतं, ते आधी सांगितलेल्या नेमणुकीच्या पद्धतीवरून समजून घ्यावं.

पीडिताला २००९ च्या दुरुस्तीपासून आपला वकील देता येतो. तो सरकारी वकिलाला मदत करतो. सत्र खटल्यात स्वतंत्रपणे साक्षीदार तपासत नाही, हे रेखा मुरारका प्रकरणात २०१९ साली ठरलं. फिर्यादीला याचा राग येतो. पण सूडाची घाई असलेल्या हातात खटल्याची दोरी देऊ नये म्हणूनच तर अशील नसलेला वकील नेमला.

निकाल लागतो. निर्दोष असेल, तर निकालपत्राची प्रमाणित प्रत मागवून अपिलावर मत द्यावं लागतं. सरकारला मुदत ९० दिवसांची आणि मत, प्रस्ताव, मंजुरी असा टपालाचा प्रवास त्यातच उरकायचा. २०१४ च्या किशनभाई प्रकरणानंतर प्रत्येक राज्याने सुटलेल्या खटल्यांची छाननी करून तपास की अभियोग, दोष कुणाचा ते ठरवायचं आहे. त्यामुळे 'अपील करावे' लिहिणं सोपं झालं. लिहिणाऱ्यावर ठपका येत नाही. सतरा दिवस बेवारस राहिलेल्या चाकूच्या प्रकरणात 'अपील करण्यास योग्य नाही' असं लिहून खाली त्या तारखा मांडायच्या, तर त्यात आपल्याच कार्यालयाची चूकही मांडावी लागते. तसं मत गेलं आणि मान्य झालं, की अपिलाची मुदत उलटल्यावर निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदाचा अंमल होतो. कपडे जाळले जातात, मोटारसायकल असेल तर मालकाला परत जाते, चाकू नष्ट केला जातो आणि मुद्देमाल कारकून रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात तारीख घालतो.